मावशीचा आवाज धुवायचा नाही

माझी मावशी रेकॉर्डिंगसाठी मोठ्यानं पुस्तकं वाचते. 'मोठ्यानं' हा शब्द आता जपूनच वापरावा लागतो. घशाच्या ऑपरेशनआधी तिनं हाक मारली की चौथ्या घरातलं माणूस खिडकीत यायचं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईलच असं नाही. आला, पण शेजारच्याला गुपित सांगावं एवढाच. तरीही एका कंपनीनं तिला जाडजूड कादंबरी वाचायला दिली. हे काम गेलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी तिची भाची आणि तिची रेकॉर्डिस्टही. स्टुडिओ म्हणजे आमची मागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. वाचणारा थांबला की मागे किती आवाज उरलेला चालतो, याची कंपनीची मर्यादा ठरलेली असते. आमची पहिली प्रकरणं कंपनीच्या तपासनिसानं परत पाठवली. "फार खरखर आहे. त्यांच्या घशाचीच असणार. जरा जोर लावायला सांगा."

मला संताप आला. मी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, घड्याळ बाहेर नेलं आणि रिकामी खोली रेकॉर्ड केली. खरखर होतीच. ती माईकची स्वतःची. प्रत्येक माईक आतून थोडा खरखरतोच, दणदणीत आवाजापुढे ते झाकून जातं. मावशीसाठी मला रेकॉर्डिंगची पातळी इतकी वाढवावी लागे की तिच्याबरोबर खरखरही वाढे. हे सांगितल्यावर तपासनीस म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." इथे अंगण खरंच वाकडं होतं, पण ऐकतो कोण.

त्यानं कॉम्प्युटरवर खरखर पुसून नमुना पाठवला. खरखर गेली, आणि मावशीच्या शब्दांची शेवटची अक्षरंही गेली. मावशीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"ही कोण बाई?"

"तूच."

"मी नाही. हिला कुणीतरी ब्लीचमध्ये भिजवलंय. हे माझ्या नावावर जायचं नाही."

"अगं, काम जाईल."

"जाऊ दे. एवढा परत मिळालेला आवाज लोकांना धुवायला देऊ होय?"

मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला. राग जरा जास्तच. मग एका गाण्याच्या मास्तरांच्या हातापाया पडून त्यांचा जिवापाड जपलेला माईक आणला. त्याची स्वतःची खरखर अगदी कमी. तोही तिच्या तोंडापासून जेमतेम वीतभर ठेवला. मावशीनं पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा वाचलं, मधूनमधून गळा धरून. मी थांब म्हटलं की डोळे वटारायची.

तपासनिसाचा फोन आला. "खरखर आता मर्यादेत आहे. पण श्वास ऐकू येतात. ते काढा, मग मंजूर."

मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, मर्यादा खरखरीची आहे ना?"

"हो, पण..."

"मग श्वास राहतील. मध्ये कितीतरी दिवस मी ते गळ्यातल्या नळीतून घेत होते. आता तोंडानं घेतेय, तर मी ते काढणार नाही. चालत नसेल तर पुस्तक दुसऱ्याला द्या."



"पुढची प्रकरणं पाठवा," तो म्हणाला.

मावशीनं फोन मला परत दिला, खुर्ची ओढली, चष्मा लावला.

"पंखा बंद कर," ती म्हणाली.