मिरचीचा खोकला

आमच्या नंदुरबारात हिवाळ्यात कुणी खोकलं तर त्याला कुणी साधं पाणीही विचारत नाही. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मोकळ्या मैदानांवर, ओली लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा फिरला की तिचा ठसका थेट स्वयंपाकघरात येतो. नवी सून शिंकायला लागली की सगळे तिला हसतात, आणि पुढच्या वर्षी तीच दुसऱ्या नवरीला हसते. परगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावून बसला की आम्हाला उगाचच अभिमान वाटतो. माझे वडील, आप्पा, मिरचीचे व्यापारी. ढिगात हात घालून एखादी मिरची मोडायची, हुंगायची आणि भाव सांगायचा. त्यांचा खोकला आम्ही धंद्यातच धरलेला होता.

घरात आणखी एक खोकला होता. आमचं कुटुंब एकत्र, काका-काकू, चुलत भावंडं, सगळी एका छपराखाली. पुरुषमाणूस बाहेरून आला की फाटकाशीच खाकरायचा, म्हणजे आतल्या सुनांनी पदर सावरून घ्यावा. प्रत्येकाचं खाकरणं वेगळं. आप्पांचं खालच्या सुरातलं, जरा लांबलेलं. ते कानावर पडलं की माय चहाचं आधण ठेवायची. लग्न होऊन मी पुण्याला आले, तरी फोनवर त्यांच्या शब्दाआधी मला तेच ऐकू यायचं आणि त्या क्षणापुरती मी माहेरी पोचायची. आता सांगा, ज्या घरात खोकला म्हणजे एक तर धंदा नाही तर रीत, तिथे तो आजार असेल हे सुचणार कुणाला?

होळी झाली, मिरची उचलली गेली, पथाऱ्या मोकळ्या झाल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी आले, तर आप्पा अजून खोकतच होते. सदरा खांद्यावरून ओघळत होता. भाकरी अर्धी टाकून उठायचे आणि दिवस मावळला की ऐन मे महिन्यात अंगावर चादर ओढून घ्यायचे.

"आप्पा, डॉक्टरले दखाडी या," मी म्हटलं.

"काय दखाडू? मिरचीना खोकला शे, बेटा. चाली जाई."

"मिरची तं कव्हयच गयी."

"ती गोदाममा गयी. मन्हा नरडामा शेच ना."

स्वतःच्या विनोदावर ते हसले आणि हसता हसता पुन्हा खोकले. मग हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मेडिकलवाल्याने दिलेली औषधाची बाटलीही झाली. शेवटी मायच ओट्यावर आली. चारचौघांत आप्पांशी कधी थेट न बोलणारी बाई, दिरांसमोर उभी राहून म्हणाली, "सकाय दवाखानामा चाला. मी बी येस." आप्पा इतके चकित झाले की नाही म्हणायचंच विसरले.

डॉक्टरांनी विचारलं, "खोकला कधीपासून आहे?"

"कोनता? मिरचीना, का घरमा येवाना?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "ते दोन्ही सोडून जो उरतो, तो."

थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षयरोग निघाला. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांनाच तपासलं आणि समोर बसवून सांगितलं, की खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरू लागलं, तर घरबसल्या कारणं शोधत बसायचं नाही, तपासून घ्यायचं. थुंकीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी यायचं. हा रोग गोळ्यांनी बरा होतो, पण बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. आप्पांनी एकही गोळी चुकवली नाही. माय चुकवू देणारी नव्हतीच. दर तपासणीला ती त्यांच्याबरोबर जायची.

रोग गेला. पण तोवर फुप्फुसांची फार खराबी झाली होती. ओट्याच्या पायऱ्या चढतानाही त्यांना धाप लागायची. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि आप्पा गेले. आधी आले असते तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर हळूच म्हणाले. मला राग आला, पण तो काढणार कुणावर? मिरचीवर? फोन आता भाऊ उचलतो आणि लगेच "बोल" म्हणतो. मला आप्पा हवे आहेत. एवढी मोठी झाले, माझीच मुलं कॉलेजात जातात, तरी हवे आहेत.

आप्पा गेल्यापासून माय मात्र सारखी दवाखान्यात जाते. कधी गुडघा, कधी आंबट ढेकर, कधी नुसतंच "गमत नही", म्हणजे करमत नाही. भाऊ फोनवर वैतागतो. मला वाटायचं, धडा घेतलाय तिने, चांगलंच आहे. या दिवाळीला मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "मावशी, तुम्हाला काही झालेलं नाही."

बाहेर आलो. मी रिक्षा बघायला निघाले, तर माय व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. एका कडेला, अंग चोरून.

"चाल ना माय, काम व्हयनं ना?"

"थांब जरासं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "घरमा लहानमोठासमोर मी त्यासना जोडे कधी बठनू का? आठेच बठनू."

आप्पांच्या जोडे, म्हणजे शेजारी, ती बसली ती याच बाकावर. तिच्या शेजारी बसावं म्हणून मी वाकले, तर तिने त्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. मी उभीच राहिले.