डावखुऱ्या रायफलचा भाव

गेली सहा वर्षं ही हकीकत मी एकाच तऱ्हेने सांगत आलो की, मित्राने मला फसवलं. ते खरंच आहे. पण सांगताना मी एक तुकडा नेहमी गाळला. आता अठ्ठ्याहत्तरावं सरत आलंय, तो लिहून टाकायला हवा.

आम्ही तिघे होतो. एक टेक्सन सहकारी, रिफायनरीत पंचवीस वर्षं माझ्या शेजारी बसलेला. दुसरा नागपूरचा डॉक्टर, माझ्याच वर्षी अमेरिकेत आला. दर नोव्हेंबरात शुगर लँडहून चार तास ड्राइव्ह करून आम्ही हरणांच्या शिकारीला जायचो. म्हणजे ते दोघे जायचे. मी शाकाहारी, थर्मास सांभाळायचो आणि पोलादावर बडबड करायचो. आयुष्यभर तेच काम केलं होतं.

सहकारी डावखुरा. त्याने एका नामांकित कारागिराकडून स्वतःच्या मापाची रायफल बनवून घेतली होती. बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा खटका, डाव्या बाजूला, अक्रोडाचा दस्ता त्याच्या लांब हाताच्या बेताचा, त्यावर चांदीच्या पट्टीत त्याची आद्याक्षरं. तो गेल्यावर चार महिन्यांनी त्याच्या बायकोचा फोन आला. डॉक्टरला रायफल हवी होती, तोही डावखुराच, आणि तिला भाव कळत नव्हता.

"मी त्याच्याशी घासाघीस करणार नाही. योग्य काय ते तू सांग," ती म्हणाली.

अशा रायफलचं मापाने शिवलेल्या कोटासारखं असतं. शिलाईला गेलं तेवढं परत येत नाही. दुसऱ्याचं माप, दुसऱ्याची अक्षरं, डावा बोल्ट, या सगळ्यामुळे गिऱ्हाईक कमी होतं. किंमत टिकते ती कारागिराच्या नावावर आणि नळी आतून कशी आहे त्यावर. शेकडो गोळ्या झाडल्या की गोळी बसते त्या टोकाशी नळी आतून जळत जाते, बाहेरून पत्ता लागत नाही. पाइप आतून बघायची एक बारीक दुर्बीण माझ्याकडे होती. ती खिशात घालूनच मी गेलो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरून तिने रायफल ठेवली होती. नळी झिजल्याचं डॉक्टरने तिला इंग्रजीत आधीच सांगितलं होतं; आता तिच्यासमोरच तो मला मराठीत म्हणाला, "नळी गेलीय रे. मागच्या सीझनला त्याचा नेम सुटत होता, आठवतंय ना? माझ्याशिवाय ही घेणार कोण? पण त्याची आठवण आहे, मी ठेवणार."

माझा हात खिशाकडे गेला.

"काय यार, आता माझाही एक्स-रे काढतोस का?" तो हसला.

मीही हसलो आणि हात बाहेर काढला. ओळखीच्या सोनाराने तोललेलं आपण त्याच्यासमोर पुन्हा तोलत नाही. तिला मी इंग्रजीत सांगितलं की नळी झिजली आहे, अठराशे डॉलर योग्य. तिने मान डोलावली आणि कॉफी ठेवली.

पुढे गणपतीत एकांच्या घरी आरती झाल्यावर डॉक्टरची बायको मला सहज म्हणाली, "बरं झालं बाई, भावोजी, ती बंदूक घरातून गेली. डॅलसचा कोणी आला होता, पाच हजाराला घेऊन गेला." मला माहीत असेल असंच तिला वाटत होतं.

मी त्याला गाठलं. तो मोदक खात होता.

"विकलीस?"

"अरे, डावखुरं गिऱ्हाईक मिळालं."

"आठवण होती ना ती?"

"पट्टी काढून ठेवलीय मी."

"आणि नळी? ती गेली होती ना?"

त्याने बोटांवरचं तूप पुसलं. "भाव तू सांगितलास, यार. मी फक्त दिला."

माझ्या बायकोच्या शेवटच्या महिन्यात हा माणूस रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायचा. त्याने माझं तोंड वापरलं, हे मला अजून गिळता येत नाही. मी त्याच्याशी बोलणं सोडलं, आणि आपल्या मराठी चारचौघांत फसवणुकीची गोष्ट सांगत राहिलो. लोक हळहळायचे.

गाळलेला तुकडा असा. सहकाऱ्याने त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात नळी बदलून घेतली होती. पोलाद कोणतं घ्यावं, हे त्याने मलाच विचारलं होतं. नेम सुटत होता तो हात थरथरायचे म्हणून. आजार तेव्हाच सुरू झाला होता. त्या टेबलाशी मला हे सगळं आठवत होतं, दुर्बिणीची गरजच नव्हती. पण बोललो असतो तर डॉक्टर तिच्यादेखत खोटा पडला असता. आपल्या माणसाची लाज मी राखली, आणि ती तिच्या पदरचं घालून.

मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो. रायफल विकली गेली हे तिला ठाऊक नव्हतं. दर नाताळात भेटली की ती विचारायची, डॉक्टर रायफल बाहेर काढतो का, आणि मी हो म्हणायचो. त्याच टेबलाशी बसून मी नव्या नळीसकट सगळं सांगितलं. फरकाचे पैसे देऊ केले. तिने नको म्हणून मान हलवली.

तिने टेबलावरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्याला मी काहीच विचारलं नव्हतं. तुला विचारलं होतं."

मी आणखी थोडा वेळ बसलो. त्या घरात तिने कॉफी विचारली नाही, असं पहिल्यांदाच झालं.