मुन्शीजींना शिकवलेली दोन अक्षरं

हायस्कुलात माझं नाव घालायला बाबा मला बैलगाडीनं आदिलाबादला घेऊन निघाले, तेव्हा त्यांनी धुतलेलं धोतर वेगळ्या फडक्यात बांधून घेतलं होतं. शहर दिसायला लागलं तशी गाडी एका आंब्याखाली उभी करून त्यांनी ते नेसलं. माझा सातवीचा दाखला त्यांच्या टोपीत घडी करून ठेवलेला होता. जैनथकडच्या आमच्या गावातून हायस्कुलात जाणारी मी पहिलीच मुलगी. शहरात माझे मामा तहसील कचेरीत नोकरीला होते, त्यांच्याकडे मी राहणार होते.

शाळेच्या कचेरीत एका उंच मेजामागे कारकून बसले होते. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. निजामाच्या काळापासून ते शाळेचं दफ्तर उर्दूत लिहीत आलेले. घरचे मराठीच, पण शहरातल्या नोकरदार घराण्यातले. शेतकरी समोर आला की ते आधी त्याच्या पायांकडे बघत.

"कोणत्या वर्गात?" त्यांनी विचारलं.

"आठवीत, मराठीच्या," मी म्हणाले. "आमी जैनथकडून आलो."

"आमी!" ते शेजारी बसलेल्या मास्तरांकडे बघून हसले. "आम्ही म्हणावं, पोरी. ही असली मराठी घेऊन मराठीच्या वर्गात बसणार का तू?"

"तुमी शिकवसान तशी बोलंल जी पोट्टी," बाबा म्हणाले.

"मराठीच्या वर्गातल्या जागा भरल्या. तेलुगूच्या वर्गात नाव घालतो."

"साहेब, तिले तेलुगूचं एक अक्षर येत नाही."

"मग घरी न्या परत. कापूस वेचायला कुठं अक्षर लागतं?"

मास्तर हसले. बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मुन्शीजींनी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. बाबांची सही मोडीत असायची. मुन्शीजींनी कागद उलटा धरून ती बघितली आणि पुन्हा सरळ केला. तो उलटा धरलेला कागद मी आजतागायत विसरलेले नाही.

चार दिवसांनी पाण्याच्या टाकीपाशी मराठीच्या वर्गातली एक मुलगी भेटली. निर्मलहून कालच आले, असं तिनं सांगितलं. "मग तुला जागा कशी मिळाली?" मी विचारलं. तिनं सरळ सांगून टाकलं, "मुन्शीजी माझे मामा. त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती." ती बिचारी भोळी होती. मी टाकीवर तोंड धुतलं आणि वर्गात गेले. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही. कसं, ते तेराव्या वर्षी कुठून कळणार होतं?

आधी मला स्वतःलाच उभं राहायचं होतं. पहिले दोन महिने मी वर्गात नुसती उभीच होते म्हणा. मास्तर भूगोल शिकवायचे, गणित शिकवायचे, मधेच "अर्थमैंदा?" म्हणजे समजलं का, असं विचारायचे आणि नेमकं माझ्याकडे बोट करायचे. मी उभी राहून "तेलीदु" म्हणायची. माहीत नाही. मला आलेला पहिला तेलुगू शब्द तोच. मुलं माझ्या "तेलीदु"लाही हसायची, कारण तेही मी वऱ्हाडी हेल काढून म्हणायची.

माझ्या बाकावर मंचेरियलहून आलेली एक मुलगी बसायची. तिचे वडील इथल्या दवाखान्यात कंपाउंडर होऊन आले होते. तिलाही शहरात कुणी ओळखीचं नव्हतं. मामी डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा द्यायची, तो तिला इतका आवडला की तिनं एके दिवशी आपला भात माझ्यापुढं सरकवला आणि माझी भाकर ओढून घेतली. मग रोजचंच झालं ते. भाकरीच्या बदल्यात ती मला अक्षरं शिकवायची. तेलुगूतले प आणि व जवळजवळ सारखेच दिसतात. प च्या डोक्यावरची खूण सुटी असते, व ची अंगाला चिकटलेली. एवढाच फरक. दोन महिने मी ती दोन अक्षरं एकमेकांच्या जागी लिहीत होते आणि ती दर वेळी माझ्या हातावर पट्टी मारून हसत होती.

मी झपाटल्यासारखी शिकले. विद्येची गोडी वगैरे त्यात काही नव्हती, तो राग होता. बाजारात मामीबरोबर गेले की दुकानांच्या पाट्या वाचायची. दूधवालीशी तेलुगू बोलायची, ती चुका काढायची, मी पुन्हा बोलायची. वहीचं पान भरलं की मुन्शीजींचं तोंड डोळ्यांपुढं आणायची आणि दुसरं पान उलटायची. मामी म्हणायची, "काऊन एवढी मरून राह्यली वं? पास झाली म्हणजे झालं." सहामाहीत मी सगळ्या विषयांत पास झाले. गणितात वर्गात दुसरी आले. मास्तरांनी माझी वही वर धरून दाखवली, तेव्हा मला बाबा आठवायला हवे होते. आठवले मुन्शीजी.

त्याच दिवाळीच्या सुमारास आमचा जिल्हा नव्या राज्यात गेला. किनवटकडचा मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला, आम्ही तेलुगूच्या बाजूला राहिलो. मोठी माणसं ओट्यावर बसून त्यावर बोलायची. शाळेत मात्र बदल लगेच दिसला. नवे हेडमास्तर आले. ते खालच्या, समुद्राकडच्या जिल्ह्यातले. त्यांना उर्दू येत नव्हती, मराठी येत नव्हती. शाळेचं दफ्तर आता तेलुगूत आणि इंग्रजीत ठेवायचं, असा हुकूम निघाला. मुन्शीजींना उर्दूशिवाय दुसऱ्या लिपीत लिहायची सवयच नव्हती. तेलुगू बोलता चांगलं यायचं, पण लिहिता एक अक्षर येत नव्हतं.

एका संध्याकाळी ते मामांच्या घरी आले. मामांशी थोडं इकडचं तिकडचं बोलले. मामा कचेरीतून आलेल्या कुणाशी बोलायला बाहेर गेले, तसं त्यांनी मला हाक मारली. "ए पोरी" नाही, "बेटी" म्हणाले.

"बेटी, तुझं तेलुगू चांगलं झालं म्हणतात. मला थोडी अक्षरं दाखवशील? पण कुणाला सांगू नको हं. मामांनाही मी उजळणी घेतो तुझी असं सांगितलंय."

हा माणूस स्वतः चालत माझ्याकडे आला होता.

"दाखवीन की जी," मी म्हणाले.

मग ते एक दिवसाआड यायला लागले. भाचीची पाटी पिशवीत घालून आणायचे. येताना माझ्यासाठी पुडीत एखादा पेढा असायचा. मी पेढा आधी खायची आणि मग शिकवायला बसायची. सगळी अक्षरं मी नीट शिकवली. अ, आ, क, ख, मात्रा, जोडाक्षरं. फक्त प च्या जागी व शिकवला आणि व च्या जागी प.

भीती होती ती एवढीच की त्यांनी रस्त्यात एखादी पाटी वाचली तर? पण ते वाचणार नाहीत हे मला माहीत होतं. तीस वर्षं एकाच शहरात राहिलेला माणूस पाट्या कशाला बघेल? आणि बाजारातून पुस्तक विकत आणायचं तर दुकानदाराला कळणार. ते कळू द्यायचं नव्हतं म्हणून तर ते माझ्याकडे आले होते. त्यांचं अक्षर मात्र सुंदर होतं. उर्दूचा सराव झालेला हात. पाटीवर वळणदार चुकीचा प काढून ते माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, "बरोबर."

वार्षिक परीक्षा जवळ आली. हेडमास्तरांनी परीक्षेची सूचना तोंडी सांगितली आणि मुन्शीजींनी ती मोठ्या कागदावर लिहिली. त्यांनी ती कुणाला तपासायला दिली नाही. मीच लिहितो, म्हणाले असणार. सकाळी फलकाभोवती गर्दी जमलेली दिसली. मी मागून टाचा उंचावून वाचलं. "विद्यार्थुलु"चं झालं होतं "पिद्यार्थुलु". "परीक्षलु"चं झालं होतं "वरीक्षलु". वरपासून खालपर्यंत एकेक अक्षर घोटून काढलेलं आणि जिथं तिथं प चा व, व चा प. तेलुगू मुलं पोट धरून हसत होती. एक जण वाचायचा, बाकीचे ओरडायचे. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं एकदा फलकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिला लगेच कळलं. तिनं माझा हात घट्ट दाबला.

मला काय वाटलं ते खोटं सांगणार नाही. आनंद झाला. गणितात दुसरी आले तेव्हा झाला नव्हता इतका.

प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तर तो कागद हातात घेऊन आले. मुन्शीजी व्हरांड्यात उभे होते. हेडमास्तरांनी कागद मोठ्यानं वाचला, जसा लिहिला होता तसा. शाळा हसली. मग ते बाजूच्या मास्तरांना तेलुगूत काहीतरी म्हणाले. मराठीच्या वर्गातल्या कुणाला ते कळलं नाही. मला शब्द न् शब्द कळला. ते म्हणाले, "या मराठी लोकांना वीस वर्षं शिकवा, अक्षर यायचं नाही."

माझं हसू तिथंच थांबलं. नऊ महिने रक्त आटवून जी भाषा शिकले, तिच्यात मला पहिल्यांदा न अडखळता सगळं समजलं ते हे वाक्य.

मुन्शीजींकडून लिखाण काढून घेतलं गेलं. खडू, डस्टर आणि बाकांची नोंद ठेवायचं काम त्यांच्याकडे आलं. दोन दिवसांनी ते घरी आले. मामा-मामी आत होते. त्यांनी पाटी माझ्यापुढं ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "प काढ."

मी काढला, खरा प. डोक्यावरची खूण सुटी.

"मग तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा जागा भरली होती जी," मी म्हणाले.

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. हात उचलतील असं मला वाटलं. पण त्यांनी पाटी पिशवीत घातली आणि उठले. मामा बाहेर आले, म्हणाले, "बसा की, चहा घ्या." मुन्शीजी म्हणाले, "नको, कामं आहेत." त्यांनी मामांना काहीच सांगितलं नाही. मोठेपणानं गप्प बसले असं कुणी समजू नये. तेरा वर्षांच्या खेड्यातल्या पोरीकडून अक्षरं शिकत होतो, हे त्यांना सांगता आलं नसतं. मी त्याच भरवशावर होते.

पण त्या कागदाचं एक शेपूट निघालं, ज्याचा मी विचारच केला नव्हता. तेलुगू मुलांनी मराठी मुलांना "पिद्यार्थी" म्हणायला सुरुवात केली. मराठीच्या वर्गासमोरून जाताना ओरडायचे. मराठीच्या वर्गातली लहानखुरी मुलं मान खाली घालून जायची, त्यांना धड कळतही नव्हतं काय म्हणतात ते. मुन्शीजींच्या भाचीला तर टाकीपाशी गाठून चिडवलं. आणि माझ्याच वर्गात, मी उठून उत्तर द्यायला लागले की मागच्या बाकावरून यायचं, "पिद्यार्थी!" मीच घडवलेला शब्द. कुणापुढं तक्रार करणार? मुन्शीजींसाठी मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्या मुलांसाठी वाटलं. भाचीला एकदा मी माझी रिबीन देऊन टाकली, का ते तिला सांगितलं नाही.

माझा राग आता हेडमास्तरांवर गेला. वार्षिक परीक्षेला मी इतर विषय सोडून तेलुगूच घोकलं. मैत्रीण चिडली, "भूगोलात नापास होशील." तिनं भूगोल जबरदस्तीनं वाचून घेतला, म्हणून त्यात पास झाले. तेलुगूत ती पहिली आली, मी तिसरी. निकालाच्या दिवशी हेडमास्तरांनी तीन नावं वाचली. माझ्या नावावरून त्यांचा आवाज तसाच सपाट पुढं गेला. त्यांनी मान वर केली नाही.

मला ते सहन झालं नाही. मी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले आणि तेलुगूत म्हणाले, "साहेब, तेलुगूत तिसरी आले ती मी. मी मराठी आहे."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मंचिदि," म्हणाले. चांगलं. आणि पुन्हा कागदाकडे वळून म्हणाले, "जाताना शिपायाला पाणी आणायला सांग."

प्रार्थनेच्या वेळी मराठी लोकांबद्दल टाकलेलं ते वाक्य त्यांना आठवतही नसणार. मी शिपायाला निरोप सांगितला. मैत्रीण पायऱ्यांवर वाट बघत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी पहिली ये."

"तुझ्या पुढं?"

"ये तर खरी," ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात मुन्शीजींनी किनवटकडे बदली करून घेतली, भाचीही निर्मलला परत गेली. बाबा मला न्यायला आले तेव्हा मी त्यांना नववीची पुस्तकं आधीच विकत घ्यायला लावली, सगळी तेलुगूतली. गावी चिंचेखाली बसून मी ती मोठ्यानं वाचायची. शेजारच्या बायका थांबून ऐकायच्या आणि न समजता हसायच्या. मॅट्रिकला मी तेलुगूत शाळेत पहिली आले. तोवर ते हेडमास्तर बदलून कुठं गेले होते, ते शाळेत कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं.