सलीमचा मॅक्रो गावोगाव फिरतो

ऑफिसात कामं किती साठली ते साहेब रोज विचारतात. किस्से किती साठले ते कुणी विचारतच नाही!

आमचं ऑफिस म्हणजे जनावरांचा सरकारी दवाखाना. मी क्लार्क, सलीम कॉम्प्युटर ऑपरेटर. एक्सेलच्या एकाच फाइलमध्ये दर गावाची वेगळी शीट. प्रत्येक शीटवर तेच ते टाइप करून सलीम वैतागला आणि मॅक्रो लिहायला शिकला. हुकूम एकदाच द्यायचा, कॉम्प्युटर आपणच एकेक शीट फिरून काम उरकतो.

डॉक्टरसाहेब खूश! "गावोगाव फिरते अन् जीप मागत नाही! असा माणूस पाह्यजे ऑफिसात!"

*

पहिला हुकूम होता, प्रत्येक शीटमागे एक कोरी शीट जोड. कॉम्प्युटर नव्या शीटही मोजायला लागला आणि त्यांच्याही मागे जोडत सुटला. थांबेचना!

साहेब डोकावले. "तालुक्यात इतकी गावं कधी झाली बे?"

सलीम प्लगकडे धावत म्हणाला, "साहेब, अजून होऊन राह्यली!"

*

फाइलमध्ये एक रिकामी शीट होती, नाव 'नमुना'. मॅक्रोनं तीही गाव समजून साहेबांच्या दौऱ्याच्या यादीत घातली. साहेबांनी न बघता सही केली आणि ड्रायव्हर रामभाऊंना रस्ता विचारून यायला सांगितलं.

रामभाऊ एसटी स्टँडवरून परतले. "साहेब, नमुना गाव कोणालेच माहीत नाही. एक जण म्हणे, दवाखान्यात जा, तिथं लय नमुने हायेत!"

*

मग आलं खुरकुताचं लसीकरण. गावोगावच्या नोटिसा मॅक्रोनं छापल्या. वर गावाचं नाव बरोबर, पण तारीख आणि ठिकाण 'त्या त्या शीटवरून घे' हे लिहायचं सलीम विसरला. समोर उघडी होती धाड गावाची शीट. झालं! प्रत्येक नोटिशीत ठिकाण धाड, तेही बाजाराच्या दिवशी. तशाच त्या वाटल्या गेल्या.

त्या सकाळी आमची जीप धाडमध्ये शिरेचना. जिकडे बघावं तिकडे बैल, गाई, म्हशी!

सलीम पांढराफटक. मला म्हणाला, "ताई, माही नोकरी गेली!"

एक म्हातारबा साहेबांवर ओरडले, "काऊन हो, आमच्या गावात सुई टोचत नाही काय?"

साहेबांनी बाह्या सरसावल्या. लस संपली तशी रामभाऊंना ऑफिसात पिटाळलं. लोकांनी जनावरं टोचून घेतली, बाजारही केला. ज्या कामासाठी आम्ही महिनाभर गावोगाव धूळ खात हिंडायचो, ते दिवस मावळायच्या आत आटोपलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सलीमला बोलावलं. "त्या मॅक्रोतली चूक सापडली काय?"

"हो साहेब. दुरुस्त बी केली."

साहेब खुर्चीतून उठलेच. "काऊन केली बे?"