गाळलेली ओळ

आज माळ्यावर माझं जुनं गोष्टीचं पुस्तक सापडलं. पानांना अजून चुलीच्या धुराचा वास आहे.

लहानपणी एका वर्षी आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला निघणार होते आणि मी पाथर्डीच्या वसतिगृहात राहणार होते. आदल्या दिवशी आईला गोष्ट वाचून दाखवत होते. गोष्टीतली मुलगीही अशीच मागे राहते. पहिल्या दिवशी ती खूप रडली, ही ओळ मी मुद्दाम गाळली.

आईला वाचता येत नव्हतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "रडली न्हाई व्हय ती? मंग खोटी हाय. खरी पोरगी रडंल, पन ऱ्हाईल."

मी गाळलेली ओळ वाचली आणि तिच्या कुशीत पोटभर रडले. किती हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आई रडत होती. रडतच ट्रकमध्ये चढली.