कविताच्या लग्नाची डीव्हीडी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या बाजारात भाजी घेत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "मंदा, ये गो... संपलं." पिशवी भाजीवाल्या बाईकडेच ठेवून मी शहापूरची गाडी धरली. वाटेत रडू आलं नाही. डायलिसिसच्या दोन वर्षांत आम्ही सगळ्यांनी ते थोडं थोडं रडून घेतलं होतं.

विलासदादा, माझा थोरला भाऊ, शहापुरात लग्नांचं शूटिंग करायचा. माझं लग्न होईपर्यंत मी त्याच्या दुकानात बसायचे. डीव्हीडींवर मार्करने लिहिलेली नवरा-नवरीची नावं माझ्या हातची. सीझनमध्ये दादा स्वस्तातल्या डिस्क आणायचा, जास्तीत जास्त स्पीडला बर्न करायचा, दुकानातल्या प्लेअरवर दोन मिनिटं बघायचा आणि पाकिटात घालायचा. कॅमेऱ्यातल्या त्याच कॅसेटवर पुढच्या रविवारचं लग्न चढायचं. कॉम्प्युटर भरला की जुनं पुसायचं. "लोकांकडे डीव्हीडी आहे ना," म्हणायचा.

गेल्या वर्षी खर्डीहून हिराबाई आल्या. त्यांची एकुलती एक लेक कविता पहिल्या बाळंतपणातच गेली. लग्नाचा अल्बम सासरी राहिला, तो सासरच्यांनी कधी दिला नाही. हिराबाईंकडे उरली ती दादाने केलेली डीव्हीडी, आणि आता प्लेअर तीही घेईना. दादाने डिस्क उजेडात धरली. कडेपासून आतपर्यंत ढगाळ डाग चढले होते. "ठेवून जा मावशी, बघतो," तो म्हणाला. मला मात्र फोनवर म्हणाला, "मंदे, तिच्या कॅसेटवर मी दुसऱ्याचं लग्न घेतलंय गो..."

त्यानंतर कल्याणला डायलिसिसला जायचे दिवस सोडले तर तो त्या डिस्कलाच चिकटून होता. पुसली, वेगवेगळ्या कॉम्प्युटरमध्ये घातली. तीन आठवड्यांनी चार मिनिटं निघाली. ती नव्या डिस्कवर घालून तो खर्डीला गेला, तर हिराबाईंच्या जुन्या प्लेअरने ती ओळखलीच नाही. कॉम्प्युटरवर चालते म्हणजे प्लेअरवर चालेलच असं नाही, हे जन्मभर हेच काम केलेला माणूस विसरला होता! दुसऱ्या वेळी बर्न झाल्यावर डिस्क 'फायनलाइज' करायची राहिली, आणि त्याशिवाय ती दुसऱ्या प्लेअरवर चालत नाही. ती दुकानात चालली, खर्डीत नाही. तिसरी चांगल्यातली आणली, अगदी सावकाश बर्न केली, आणि सुजलेल्या पायांनी पुन्हा रिक्षात बसला. ती चालली.

"पंगत आली फक्त," त्याने मला सांगितलं. हिराबाई चारही मिनिटं पडद्याजवळ बसून होत्या. मग म्हणाल्या, "विलास, माजी कविता कुठंय रे?" त्याने खरं ते सांगितलं. कॅसेटचंही सांगितलं. त्या चहा टाकायला उठल्या. दादाला पाणी मोजून प्यायचं होतं, तरी तो पूर्ण कप प्याला. "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं..." एवढंच म्हणाला. पुढे त्याने कुणाचीच डिस्क हातात घेतली नाही. चार महिन्यांनी गेला.

महिन्याभराने कविताची मूळ डिस्क परत द्यायला मी खर्डीला गेले. हिराबाईंनीच दादाने दिलेली डिस्क टीव्हीवर लावली. मांडवात माणसं जेवत होती, कुणी जिलेबी वाढत होतं. मग अगदी जवळून एक आवाज आला, "ओ पाव्हणं, कॅमेऱ्यात काय बघताय? नवरी आली, नवरीकडं बघा!" भरलेला, हसरा आवाज... आजारी पडायच्या आधीचा दादा. इतक्या जणांची लग्नं टिपली त्याने, पण त्याचा स्वतःचा आवाज आमच्या घरात कुठेच नव्हता.

पंगतीतल्या सगळ्या माना एका बाजूला वळल्या आणि पडदा निळा झाला.

"हितंच संपतंय," हिराबाई म्हणाल्या. "ती पुढं येतच नाय."

रिमोट त्यांच्या हातातच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"परत लावू?"

"लावा," मी म्हटलं.