मावशी बसल्या की गाडी धरते

ब्लॉक उचलला, पिस्टन बघितला आणि हातातला पाना खाली ठेवला. परत तेच. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे. एकदा नवा पिस्टन टाकून झाला, एकदा नुसता घासूनपुसून बसवून झाला, आणि आता ही तिसरी खेप.

"धरलाय व्हय?" आण्णांनी विचारलं. ते स्टुलावर बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"धरलाय. कुठं?"

"घाटातच. नगरहून येताना."

"मावशी मागं हुत्या?"

"हुती की."

माझं गॅरेज तिसगावात, शेवगाव रस्त्याला. बाकीचे मिस्तरी नव्या गाड्यांचं ऑईल बदलून मोकळे होतात. माझ्याकडे जुन्या टू-स्ट्रोक येतात, कारण मला त्यांचा नाद आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी रिकामा ब्लॉक उजेडाकडे धरून आतून बघत बसतो. आतली भिंत गुळगुळीत असली की उजेड तिच्यावरून फिरत फिरत खाली येतो. बघता बघता चहा गार होतो. बायको म्हणते, येड लागलंय. लागलंय तर लागलंय.

ज्यांना इंजिनातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्लॉक म्हणजे एक जाड नळी. तिच्यात पिस्टन वर-खाली पळतो, पंपातल्या दट्ट्यासारखा. दोघांच्या मध्ये तेलाचा इतका पातळ थर असतो की दिसतसुद्धा नाही. तो थर गेला की पिस्टन फुगतो, भिंतीला घासतो आणि चिकटून बसतो. कंपनीवाले त्याला सीझ होणं म्हणतात. आम्ही म्हणतो, गाडीनं धरलं. धावत्या गाडीचं इंजिन धरलं की मागचं चाक जागीच आवळतं, आणि मागं ट्रक असला तर विषय संपला. आण्णांनी प्रत्येक वेळी झटक्यात क्लच दाबला म्हणून ते आणि मावशी, दोघं नवरा-बायको धड आहेत.

पण आण्णांना धास्ती वेगळीच होती.

"मिस्तरी, ही म्हनती, आता मी गाडीवर बसनारच न्हाई."

पहिल्यांदा गाडी धरली तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं चेष्टा केली होती, वैनी बसल्या की गाडी धरती. दुसऱ्यांदा धरली तेव्हा सुना तोंडाला पदर लावून हसल्या. या वेळी कुणीच हसलं नाही. मावशी घाटातून यष्टीनं घरी आल्या, देवापुढं बसल्या आणि म्हणाल्या, माझाच पायगुण वाईट, माझ्यापायी यांचा जीव जायचा एखाद्या दिवशी.

"पोरगं म्हनतंय, चारचाकीनं सोडतो नगरला," आण्णा म्हणाले. "लेक हाय नगरला आमची. पर आमी दोघंच जातो गाडीवर. तेवढंच आपलं..."

तेवढंच काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, गाडीवरचा जीव. लग्नाच्या साली घेतलेली गाडी, आजही टाकीचा रंग असा की तोंड बघून भांग पाडावा. पण मावशी बसल्या नाहीत तर ही गाडी गोठ्यात जाणार, हे आण्णांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

पहिला संशय तेलावर. फोर-स्ट्रोक गाडीच्या पोटात तेलाचा वेगळा साठा असतो. या जुन्या टू-स्ट्रोकला तसला लाड नाही. टाकीतल्या पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं. पेट्रोल आत गेलं की त्याच्याबरोबर तेल जातं, आणि तेवढ्यावरच पिस्टन जगतो. गिऱ्हाईक चिकट असलं की ऑईलमध्ये काटकसर करतं आणि पिस्टन मरतो.

"आण्णा, खरं सांगा. ऑईल कमी घालता का?"

"इठ्ठलाची आण! तुमी बोललात तवापास्नं टोपनभर जास्तच घालतो."

"मग गाडी काय हौसेनं धरती का?"

"ते मला म्हाईत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

बरोबर होतं त्यांचं. टाकीतलं पेट्रोल बोटांवर चोळून बघितलं. बुळबुळीत. तेल व्यवस्थित होतं. प्लग काढला. त्याचं तोंड चॉकलेटी. म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाणही ठीक. कुठून फुकटची हवा आत शिरते का ते बघितलं. नाही.

राहिलं वजन. दोन माणसं बसली की इंजिनावर जोर येतो, ते तापतं. पण मग गाडी चढाला धरायला हवी. ही धरते नगरहून येताना, करंजी घाट उतरताना. शिवाय उष्णतेनं पिस्टन धरला की ओरखडे जास्त करून सायलेन्सरच्या बाजूला येतात. इथं चारी अंगांना होते. ज्या बाजूनं ताजं, थंड पेट्रोल आत येतं त्या बाजूलासुद्धा. म्हणजे पिस्टन तापून धरला नव्हता, कोरडा पडून धरला होता. टाकीत तेल असताना!

त्यात आण्णा एकटे शेवगावच्या बाजाराला जातात तेव्हा गाडी गाणं म्हणत जाते. मी पाथर्डीपर्यंत दामटून बघितली होती, काही नाही. डोकं चालेना. ती सगळी दुपार मी ब्लॉक उजेडाला धरून बसलो. रस्त्यावरून कांद्याचे टेम्पो जात होते. आवाज लांबून यायचा आणि लांब जायचा. मध्येच डुलकी लागली की काय, कुणास ठाऊक. जागा झालो तेव्हा एक गोष्ट पक्की होती. मावशी मागं बसल्याशिवाय हा आजार दिसायचा नाही.

ब्लॉक नगरच्या लेथवर बोअर करून, म्हणजे आतून कातून गुळगुळीत करून आणला, नवा पिस्टन बसवला आणि दोघांना बोलावलं. मावशी आल्या, पण दाराशीच उभ्या राहिल्या. बोलल्या तेव्हा मला पुढं वाकावं लागलं, इतका त्यांचा आवाज बारीक.

"मी न्हाई बसायची. परत बंद पडली तर?"

"मावशी, पेशंटबरोबर घरचं माणूस नको का दवाखान्यात? मी मागून माझ्या स्कूटरवर येतो. काय झालं तर मला बोला, गाडीला न्हाई अन् स्वतःला तर अजिबात न्हाई."

"ऐक की जरा," आण्णा म्हणाले. "आजच्या दिस."

त्या बसल्या, पण जपून. दुसऱ्याच्या घरात पाटावर बसावं तशा.

घाट चढताना गाडी मजेत होती. सायलेन्सरमधून निळा धूर येत होता, मागं पसरत होता, आणि मी त्याच्यातून चाललो होतो. जळलेल्या टू-स्ट्रोक ऑईलचा वास मला अजून आवडतो. तो आला की मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो. उन्हं कलली होती. डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं, कडेला बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या, वर पवनचक्क्या इतक्या हळू फिरत होत्या की त्यांनाही कुठं जायची घाई नसावी. कशासाठी निघालोय, हेच मी विसरलो. माथ्यावरून आम्ही गाड्या वळवल्या आणि उतार लागला.

आणि धूर बंद झाला.

आधी मला वाटलं, वारा फिरला. मग लक्षात आलं की आवाजही गेलाय. फटफट थांबून नुसती सळसळ राहिली होती. आण्णांनी रेस पूर्ण बंद केली होती आणि गाडी गिअरमध्येच, वजनावर, वेगानं खाली निघाली होती. मागं मावशी पुढं झुकल्या होत्या. एक हात आण्णांच्या खांद्यावर, दुसरा हवेत. तो हात काहीतरी सांगत होता. मध्येच थांबत होता, परत सांगत होता. आण्णांची मान किंचित मागं कललेली. मी हॉर्न वाजवायचा सोडून ते बघतच राहिलो. डोंगराच्या सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत अशी ती दोघं तरंगत खाली चालली होती.

मग एकदम भान आलं. अरे बाबा, पिस्टन! हॉर्नवर हॉर्न मारत पुढं गेलो आणि त्यांना कडेला घेतलं.

"आण्णा, रेस का बंद केली?"

"उतार हाय की. पेट्रोल वाचतं."

"एकटे असता तेव्हा?"

"तवा... तवा चालूच असती."

"मग आज का बंद?"

आण्णांनी रस्त्याकडं बघितलं, मग बायकोकडं, मग परत रस्त्याकडं. "ही बोलती ना. फटफटीत ऐकायला येत न्हाई. हिचा आवाज बारीक."

मावशी त्यांच्याकडं बघत राहिल्या. "म्हंजी, तुमी बंद करता व्हय? मला वाटायचं, उतार लागला की गाडी आपसूक गप हुती."

"आपसूक कशी हुईल?"

"आवो, लगीन झाल्यापास्नं...?"

"व्हय," आण्णा म्हणाले.

मावशींनी पदर तोंडाला लावला. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोळ्यात पाणी आलं. वर हेवाही वाटला. मी तर बायको बोलायला लागली की ग्राइंडर लावतो.

दोघांना तिथंच समजावून सांगितलं. रेस बंद केली की पेट्रोल आत जायचं थांबतं. पेट्रोल थांबलं की तेलही थांबलं. पण गाडी गिअरमध्ये असल्यामुळं चाक इंजिनाला फिरवतच राहतं, पिस्टन कोरडाच पळतो आणि शेवटी धरतो. पूर्वी घाटातला रस्ता अरुंद, खड्ड्यांचा. वळणावळणाला रेस द्यावी लागायची, तेवढं तेल पुरायचं. आता रस्ता रुंद झालाय. वरून सोडली की पार खालपर्यंत तशीच.

"मावशी, तुमच्या पायगुणाचा काय बी संबंध न्हाई. दीर बोलला तर त्याला माझ्याकडं पाठवा."

"मग उतारावर काय करायचं?" आण्णांनी विचारलं.

"रेस थोडी चालू ठेवायची. बोलायचं असंल तर माथ्यावर थांबून बोला निवांत."

आण्णांनी मान हलवली. "त्ये न्हाई जमायचं. समोर बसलं की हिला बोलता येत न्हाई. घरात एवढी मानसं, चूल, पोरं. मागं बसून, गाडी चालू असली की मगच बोलती."

याला माझ्याकडे पाना नव्हता.

मावशीच म्हणाल्या, "राहू द्या चालू. मी मोठ्यानं बोलंन."

"तू?" आण्णांना हसू आवरेना. "मोठ्यानं?"

"बोलते की! ऐकंनात का लोक."

तेव्हापासून गाडीनं धरलेलं नाही. मीही एक शिकलो. गाडी बंद पडून आली की आधी विचारतो, त्या वेळी तुम्ही काय करत होता. अर्धे लोक चिडतात, पण चिडता चिडता खरं सांगून जातात.

परवा सकाळी दोघं गॅरेजसमोरून नगरकडं गेली. आण्णांनी मला हात केला. धूर बरोबर होता, आवाज बरोबर होता. मागून मावशी पदर सावरत त्यांच्या कानाशी ओरडत होत्या, "आवो, धाकल्या सुनंला दिवस गेल्यात! तुमाला सांगायचंच राहिलं! कुनाला बोलू नका येवढ्यात!"

चहावाल्यानं किटली खाली ठेवली. समोरच्या दुकानातून दोन माना बाहेर आल्या. गाडी वळणावर गेली तरी आण्णांचा आवाज मागं येत होता, "काय म्हनलीस? परत सांग!"

आणि मावशींनी परत सांगितलं.